‘ठीक आहे’ दाबलं आणि पट्टी गेली: डायलॉगच्या बटणांवर मराठी कसं लिहावं

फोन दुपारी अडीचच्या सुमारास आला. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकलेले असतात आणि अडत दुकानांत पट्ट्या करायची घाई चालू असते, ती ही वेळ. फोनवर एका अडत दुकानाचा हिशेब बघणारे दिवाणजी होते; त्यांच्या संगणकावरचा पट्ट्यांचा प्रोग्राम मी लिहिलेला. साठी ओलांडलेली, खतावणी तोंडपाठ, आवाज कधी चढत नाही. म्हणाले, “ताई, चारशे बारा नंबरची पट्टी गेली की. शेतकरी समोर बसलाय.”

सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब. किती पोती, किती वजन, काय दर निघाला, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा जाऊन हातात काय पडणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. ती गेली म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं वर्षाचं पीक स्क्रीनवरून गेलं.

दिवाणजींना पट्टी नुसती बघायची होती. शेजारची कळ दाबली गेली आणि समोर चौकट, म्हणजे डायलॉग, आली: ‘पट्टी क्र. ४१२ रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं, ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. मी विचारलं, “मग तुम्ही काय दाबलं?” ते म्हणाले, “पट्टी नीट वाचून बघितली. पट्टी ठीक हाय, म्हणून ‘ठीक आहे’ दाबलं. ‘रद्द करा’ दाबलं असतं तर रद्द झाली असती न्हवं?”

मराठी वाचणारा माणूस जे करेल तेच त्यांनी केलं होतं. ती चौकट माझी होती. ओके आणि कॅन्सल या दोन शब्दांच्या जागी मराठी शब्द बसवले की काम झालं, असं मी तोवर धरून चालले होते. त्या दिवसापासून मी माझ्या प्रोग्राममधली प्रत्येक चौकट काढून तिच्यावरचे शब्द परत तपासायला घेतले. अडत दुकानं, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, दूध संस्था, सगळीकडच्या. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते. वालचंदला, इस्लामपूरला, कराडला शिकून आपल्याच भागातल्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच मुलं-मुली आहेत. त्यांनी माझ्याच चुका पहिल्यापासून करू नयेत, एवढ्यासाठी.

बटण एकटं वाचून कळायला हवं

अडत दुकानात संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर फोन असतो, समोर शेतकरी, मागं हमाल विचारतोय गाडी कुठं लावू. चौकटीतला मजकूर वाचायला त्याच्याकडं उसंत नसते. त्याची नजर थेट बटणावर जाते. म्हणून बटणावर दोन गोष्टी हव्यात: काय होणार ते क्रियापद आणि कशाचं होणार ती वस्तू. ‘पट्टी रद्द करा’. ‘सौदा पक्का करा’. ‘उचल वजा करा’. ‘ठीक’, ‘होय’, ‘पुढे’ हे शब्द प्रश्नावर टेकून उभे असतात. प्रश्न वाचला नाही की ते कोसळतात.

माझी परीक्षा फोनची आहे. गिऱ्हाइकाला म्हणायचं, “स्क्रीनवर फक्त बटणं काय आहेत तेवढी वाचा.” त्यांनी ‘ठीक आहे आणि रद्द करा’ वाचलं तर मला काहीच कळत नाही. त्यांनी ‘पट्टी रद्द करा आणि पट्टी राहू द्या’ वाचलं तर प्रश्न काय होता ते मला घरबसल्या समजतं. जे फोनवरून मला समजतं ते घाईत असलेल्या दिवाणजींनाही समजतं.

हा ओके आला कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. ॲपलचा लिसा नावाचा संगणक १९८३ साली बाजारात आला. त्याआधी तो बनत असताना बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘करून टाक’, असं लिहिलेलं होतं. ओके हा शब्द फार बोलीतला वाटला म्हणून तो टाळला होता. ॲपलमधल्या लॅरी टेस्लर यांनी नवख्या माणसांना समोर बसवून चाचण्या घेतल्या, तेव्हा एकजण चिडला. इंग्रजीत त्या दोन शब्दांमधली जागा इतकी अरुंद होती आणि आय हे अक्षर एलसारखं दिसत होतं, की त्यानं ते ‘डोल्ट’, म्हणजे मठ्ठ, असं वाचलं होतं. मशीन आपल्याला मठ्ठ म्हणतंय असं त्याला वाटलं. मग तिथं ओके आला. म्हणजे ओकेसुद्धा एका माणसाला समोर बसवून, त्याचं वाचणं बघून ठरला. आपण मात्र चाचणी सोडून दिली आणि शब्द तेवढा उचलला.

विंडोजच्या जुन्या मेसेजबॉक्समध्ये, म्हणजे विंडोजनंच तयार दिलेल्या चौकटीत, बटणांचे ठरलेले संच असायचे: ओके, कॅन्सल, येस, नो, रिट्राय, अबॉर्ट, इग्नोर. आपले शब्द घालायची सोयच नव्हती. माझी सुरुवात व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंगच्या भाषेत झाली. त्यात युनिकोड मराठी टाकलं की चौकटीत नुसती प्रश्नचिन्हं उमटायची, त्यामुळे मजकूर एका भाषेत आणि बटणं दुसऱ्या भाषेत, असा संसार बरीच वर्षं चालला. विंडोज व्हिस्टाबरोबर, २००७ साली, टास्क डायलॉग नावाची नवी चौकट आली आणि बटणावर हवे ते शब्द लिहिता येऊ लागले. वेबवर काम करणाऱ्यांसाठी तोच इशारा: ब्राउझरचं तयार कन्फर्म, म्हणजे ब्राउझर स्वतः दाखवतो ती चौकट, वापरू नका. त्यातली दोन बटणं ब्राउझरच्या भाषेत येतात आणि त्यांच्यावरचे शब्द तुम्हाला बदलता येत नाहीत. स्वतःची चौकट बांधा. एचटीएमएलमध्ये आता त्यासाठी डायलॉग नावाचा घटकच आहे.

दोन तोंडांची क्रियापदं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि यावरच कुठं काही लिहिलेलं सापडत नाही. इंग्रजीतले नियम वाचून इथं भागत नाही, कारण अडचण आपल्या शब्दांत आहे.

‘रद्द’ची गोष्ट वर आलीच. जिथं काम स्वतःच रद्द करण्याचं आहे, तिथं माघार घ्यायच्या बटणावर ‘रद्द’ कधीही नको. पट्टी रद्द, ऑर्डर रद्द, गाडीची नोंद रद्द, सगळीकडं हाच घोळ होतो. मी आता माघारीसाठी ‘रद्द’ हा शब्दच वापरत नाही. त्या जागी जे राहणार आहे ते लिहिते: ‘पट्टी राहू द्या’.

‘परत’ त्याहून चकवा देणारा. दूध संस्थेच्या प्रोग्राममध्ये मी एक बटण केलं होतं, ‘बिल परत पाठवा’. उत्पादकाच्या मोबाइलवर बिलाचा मेसेज पोचला नाही तर पुन्हा पाठवायचा, हा माझा अर्थ. सचिवांनी आठ दिवस ते बटण दाबलंच नाही. त्यांना वाटलं, बिल दूध संघाकडं माघारी जाईल आणि पैसे अडकतील. दोन्ही अर्थ मराठीत बरोबर आहेत. ‘परत सांग’ म्हणजे पुन्हा सांग, ‘परत दे’ म्हणजे माघारी दे. पुन्हा करायचं असेल तिथं ‘पुन्हा’ लिहा, माघारी द्यायचं असेल तिथं ‘माघारी’. ‘माल परत’ हे मात्र दुकानात इतकं रुळलेलं आहे की तिथं ते चालतं, कारण बरोबर ‘माल’ आहे.

‘काढा’. दूध संस्थेत दर दहा दिवसांनी ‘बिल काढतात’, म्हणजे तयार करतात. बँकेतून पैसे काढतात. आणि यादीतलं नाव काढतात, म्हणजे घालवतात. एकाच पडद्यावर ‘बिल काढा’ आणि ‘नोंद काढा’ अशी शेजारी बटणं मी स्वतः लावलेली आहेत. एक घडवणारं, एक मोडणारं. आता घडवायचं असेल तर ‘बिल तयार करा’, घालवायचं असेल तर ‘नोंद काढून टाका’.

‘फाडा’ हा शब्द मला फार आवडतो, पण बटणावर चालत नाही. आपल्याकडं ‘पावती फाडली’ म्हणजे पावती दिली, पुस्तकातून फाडून हातात ठेवली. वर्गणीची पावती फाडतात, दंडाची फाडतात. माझ्याकडं कामाला आलेल्या एका मुलीनं गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे म्हणून ‘पावती फाडा’ असं बटण केलं. तिचं तत्त्व बरोबर होतं. पण कागदावर ज्याला एकच अर्थ आहे त्याला स्क्रीनवर दुसरा फुटतो, कारण तिथं फाडून देण्यासारखं पुस्तक दिसत नाही. आम्ही ‘पावती द्या’ केलं.

‘बंद करा’: खिडकी बंद की खातं बंद? खात्याच्या पडद्यावर खिडकी मिटायला ‘बंद करा’ लिहू नका, ‘मागे जा’ किंवा ‘यादीकडे जा’ लिहा.

आता ‘होय’ आणि ‘नाही’. सरळ प्रश्नाला ती चालतात, पण नकारार्थी प्रश्नाला मराठी माणूस दोन तऱ्हांनी उत्तर देतो. ‘बदल सेव्ह करायचे नाहीत का?’ यावर एकजण म्हणेल, ‘हो, नाही करायचे’, दुसरा म्हणेल, ‘नाही, नकोत करायला’. दोघांना तेच हवंय आणि दोघं वेगळी बटणं दाबणार. म्हणून प्रश्नात ‘नाही’ घालू नका. आणि खरं तर ‘होय-नाही’च घालू नका. ‘बदल सेव्ह करा’, ‘बदल सोडून द्या’, ‘पट्टीवर परत चला’ अशी तीन सरळ बटणं करा, असं सांगणार होते, तेवढ्यात तिसऱ्यात माझाच ‘परत’ आला. ‘पट्टीकडे जा’.

‘सेव्ह’बद्दल मला विचारलं जातं, ‘जतन करा’ का नाही? मला मराठीचा जिव्हाळा कुणापेक्षा कमी नाही. पण यार्डात एकाही माणसानं माझ्याशी बोलताना ‘जतन’ हा शब्द वापरलेला नाही. ते ‘सेव्ह केलं का’ विचारतात. ‘नोंदवा’ हा शब्द मात्र त्यांचा आहे, रोजकीर्दीतून आलेला, म्हणून नवी नोंद करायची तिथं मी ‘नोंदवा’ लिहिते. निकष एवढाच धरा की समोरचा माणूस दुसऱ्याला हाक मारून काय सांगेल. “अरे, ती पट्टी बाद कर.” हो, ‘बाद’. जुन्या पट्टीबुकात चुकलेल्या पानावर लाल शाईनं आडवं ‘बाद’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. चारशे बारा नंबरच्या त्या चौकटीत शेवटी तोच शब्द बसला.

ती चौकट, तीन वेळा

पहिली तुम्ही पाहिली. फोननंतर त्याच रात्री मी दुसरी केली: ‘पट्टी क्र. ४१२ रद्द करायची आहे का?’ खाली ‘होय, रद्द करा’ आणि ‘नाही, रद्द करू नका’. अर्थ स्पष्ट झाला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बघते तर त्यांच्या जुन्या छोट्या मॉनिटरवर दुसरं बटण अरुंद झालं होतं आणि त्यावर दिसत होतं ‘नाही, रद्द करू…’. शेवटचा ‘नका’ कापला गेला होता. इंग्रजीत नकार आधी येतो, शेपूट तुटली तरी नकार शाबूत राहतो. मराठीत नकार शेवटी येतो. ‘करू नका’मधला ‘नका’ तुटला की अर्थ उलटतो. तेव्हापासून नकारानं संपणारं बटण मी लिहीत नाही. ‘पाठवू नका’ऐवजी ‘मसुदा ठेवा’, ‘छापू नका’ऐवजी ‘न छापता पुढे’. नकार घ्यायचाच झाला तर ‘न’ पुढं घेता येतो, आपल्या भाषेत ती सोय आहे.

तिसरी चौकट दिवाणजींच्या शेजारी बसून लिहिली. वर: ‘पट्टी क्र. ४१२, हळद, १८ पोती. ही पट्टी बाद होईल. नंबर पुन्हा वापरता येणार नाही.’ खाली डावीकडं ‘पट्टी बाद करा’, उजवीकडं मी लिहिलं ‘पट्टी ठेवा’. दिवाणजींनी वाचलं आणि विचारलं, “ठेवा म्हणजे कुठं ठेवू?” खरंच की. ‘ठेवा’ म्हणजे एखाद्या जागी ठेवणं. त्यांनीच सुचवलं, “राहू द्या लिहा की.” ‘पट्टी राहू द्या.’ आजही ती तशीच आहे.

दोन्ही बटणांत ‘पट्टी’ आलेलं बघून कुणी म्हणेल, शब्द वाया गेला. पण ‘बाद करा’ आणि ‘राहू द्या’ एवढंच ठेवलं की काय बाद आणि काय राहू द्यायचं, ते पुन्हा वरच्या ओळीत शोधावं लागतं. जागा असेल तर वस्तूचं नाव घाला.

जाणार काय, ते आकड्यासकट

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीत कुणी विसरणार नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. गणपती पेठेतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाचा संगणक पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर त्यांनी नवा लॅपटॉप घेतला, माझा प्रोग्राम टाकला आणि जो माल वाचला त्याच्या नोंदी करायला लागले. चार दिवसांनी घरी पेनड्राइव्ह सापडला, पुराच्या आधीचा बॅकअप असलेला. आनंदानं लावला. चौकट आली: ‘डेटा रिस्टोअर करायचा आहे का?’ ‘होय’, ‘नाही’. ‘होय’ सोडून ते दुसरं काय दाबणार होते? जुना डेटा आला आणि चार दिवसांचं काम पुसलं गेलं. चिखलात उभं राहून मोजलेला माल त्यांना पुन्हा मोजावा लागला. तो ‘होय’ मी लिहिला होता, आणि त्याची खंत अजून आहे.

आज ती चौकट अशी आहे: ‘पेनड्राइव्हवरचा बॅकअप: २ ऑगस्ट, रात्री ८.४०. या संगणकावर त्यानंतरच्या ३१ नोंदी आहेत. बॅकअप आणला तर त्या ३१ नोंदी पुसल्या जातील.’ बटणं: ‘२ ऑगस्टचा बॅकअप आणा’, ‘आत्ताच्या नोंदी राहू द्या’. आणि दोन्ही बटणांच्या आधी प्रोग्राम आत्ताच्या नोंदींची एक प्रत गुपचूप बाजूला ठेवतो, कारण शब्द कितीही चांगले लिहिले तरी दमलेला माणूस चुकतोच.

आकडा चौकटीत नसला की काय होतं, याचं जगजाहीर उदाहरण सिटीबँकेचं आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ ९० कोटी डॉलर गेले, मुद्दलासकट. तीन माणसांनी तो व्यवहार तपासून मंजूर केला होता. शेवटी प्रोग्रामनं इशाराही दिला होता की पैसे बँकेबाहेर जातील, पुढे जायचं का? पण किती पैसे, हे त्या इशाऱ्यात नव्हतं. व्याज तर बाहेर जाणारच होतं, त्यामुळे तो इशारा वाचूनही कुणाला शंका आली नाही. काही सावकारांनी सुमारे ५० कोटी डॉलर माघारी दिले नाहीत, २०२१ मध्ये खालच्या कोर्टात बँक हरली, २०२२ मध्ये अपिलात जिंकली. घोळाचं मूळ आधीच्या पडद्यावर, कुठले रकाने भरायचे त्यात होतं. तरी शेवटच्या बटणावर ‘९० कोटी डॉलर पाठवा’ असं लिहिलेलं असतं तर तिघांपैकी एकाचा तरी हात थांबला असता, असं मला मनापासून वाटतं. तुमच्या प्रोग्राममध्ये जिथं पैसे हलतात तिथं रक्कम बटणावर घाला. ‘₹ ८६,४०० जमा करा’. प्रोग्राममध्ये एका ओळीचं काम आहे.

एंटरचा हात

दिवाणजी अंक भरतात तेव्हा उजवा हात नंबरपॅडवर असतो. वजन, एंटर. दर, एंटर. हमाली, एंटर. तो हात स्क्रीन बघत नाही. मध्येच चौकट आली तर पुढचा एंटर तिच्यावर पडतो आणि जे बटण आधीपासून निवडलेलं आहे ते दाबलं जातं. माणसाला चौकट दिसतसुद्धा नाही. म्हणून मोडणाऱ्या कामाच्या चौकटीत आधीपासून निवडलेलं बटण नेहमी ‘राहू द्या’चं ठेवा. एस्केप दाबल्यावरही तेच व्हायला हवं. बाद करायचंच असेल तर माणसानं मुद्दाम माउस न्यावा किंवा टॅब दाबावा.

डावं-उजवं यावर फार भांडू नका. विंडोजमध्ये ओके आधी आणि कॅन्सल उजवीकडं, मॅकवर मुख्य बटण अगदी उजवीकडं. ज्या यंत्रावर गिऱ्हाईक दिवसभर काम करतं त्याची रीत पाळा आणि आपल्या सगळ्या चौकटींत ती एकच ठेवा. मोबाइलवर मात्र आकार सांभाळा. बटण निदान केवढं असावं याला अँड्रॉइड ४८ डीपी सांगतं, ॲपल ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरचं माप). दूध संकलनाला पहाटे ओल्या बोटांनी टॅबलेट दाबणारा मुलगा बघितला की हे आकडे कमीच वाटतात. दोन उलट अर्थांच्या बटणांत मी त्याहून जास्त मोकळी जागा सोडते.

अक्षर कापलं जातं तिथं

बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतलेली असेल तर आपला उकार खालून आणि रफार वरून छाटला जातो. ‘सुरू’मधल्या ‘सु’चा उकार गेला की ‘सरू’ उरतो, ‘पूर्ण’चा रफार गेला की ‘पूण’. ‘रद्द’मधलं जोडाक्षर खालून कापलं की ‘रद’सारखं दिसतं. उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधू नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या, आणि तपासायला ‘सुरू’, ‘पूर्ण’, ‘रद्द’, ‘खर्च वर्ग करू द्या’ असे वर-खाली पसरणारे शब्द मुद्दाम घालून बघा. बटण दोन ओळींचं झालं तरी चालेल. तीन टिंबं आलेली चालणार नाहीत.

विचारूच नका, जमत असेल तर

माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक पट्टीनंतर ‘छापायची का?’ असं विचारलं जायचं. पट्टी कुणी न छापता ठेवत नाही. हंगामात दिवसाला शंभर वेळा तो प्रश्न यायचा आणि शंभर वेळा त्याच जागी क्लिक व्हायचं. त्या हाताला सवय लागली की चौकट म्हणजे दाबून घालवायची गोष्ट. मग एकशे एकावी चौकट खरोखर महत्त्वाची असली तरी हात तसाच चालतो. मी तो प्रश्न काढला, पट्टी आपोआप छापते. ज्याचा परिणाम उलटवता येतो त्यालाही विचारत नाही. नोंद लगेच काढून टाकते आणि स्क्रीनच्या तळाशी थोडा वेळ ‘काढून टाकलेली नोंद पुन्हा आणा’ असं बटण दाखवते. विचारायचं फक्त जिथं मागं फिरता येत नाही तिथं.

एकच बटण असलेल्या निरोपाच्या चौकटीत, जसं ‘प्रिंटरमध्ये कागद नाही’, मी ‘समजलं’ लिहीत नाही. समजून त्या माणसाला काय करायचंय? ‘कागद घातला, छापा’ लिहिते.

दाखवून बघायचं कसं

बटणं कागदावर लिहा, वरचा प्रश्न झाका, आणि जो रोज ते काम करतो त्याच्यासमोर ठेवा. ‘कळलं का?’ असं विचारू नका. आपल्या भागात माणसं भिडेखातर ‘कळलं की’ म्हणतात, त्यात तुमचा मान राखण्याचा भाग असतो. ‘हे दाबल्यावर काय होईल?’ विचारा आणि गप्प बसा. उत्तरात जे क्रियापद येईल ते लिहून घ्या. बहुतेक वेळा बटणावर तेच असायला हवं होतं. तीन दुकानांत विचारलं की पुरतं. तिघांनी तीन वेगळे शब्द सांगितले तर वस्तूचं नाव नीट धरा आणि क्रियापद सगळ्यात साधं घ्या.

बदल कधी द्यायचा, तेही पाळा. हळदीची आवक जानेवारी-फेब्रुवारीपासून वाढत जाते. त्या दिवसांत बटणाचा शब्द किंवा जागा बदलली की शिकलेला हात चुकतो, मग नवा शब्द कितीही चांगला असो. मी बदल दिवाळीनंतर, काम सैल असताना देते, आणि पहिला आठवडा दुपारी अडीचला फोन जवळ घेऊन बसते.